घोडा पाळायचाय? आधी गोठ्याच्या सवयी सोडा

दिवाळी उरकली की आमच्या वस्तीवरून धनगरांचे वाडे कोकणच्या वाटेला लागतात. पुढे मेंढरं, मागे तट्टं. तट्टांच्या पाठीवर पातेली, वाकळा, खुराड्यातल्या कोंबड्या आणि कालपरवा जन्मलेली कोकरं. ही भीमथडीची तट्टं. बुटकी, राकट, अंगावर कधी खरारा फिरला असेल असं वाटतही नाही. तरी त्यांच्यातलं एखादं पोटशूळाने गेल्याचं मी क्वचितच ऐकलंय. उलट बंगल्याच्या आवारात बांधलेली, रोज भरपूर हरभरा खाणारी तुकतुकीत घोडी एका रात्रीत गेल्याची उदाहरणं आमच्याच पंचक्रोशीत आहेत.

कारण साधं आहे. धनगराचं तट्टू दिवसभर चालतं आणि चालता चालता तोंड मारत राहतं. आपण घोडा आणतो आणि म्हशीसारखा दाव्याला बांधतो. सकाळी एक पाटी, संध्याकाळी एक पाटी, झालं. शेतकऱ्याच्या घरात जनावरांची समज असते हे खरं, पण ती समज रवंथ करणाऱ्या जनावरांची असते. घोडा रवंथ करत नाही. माझी काशी ही मारवाडी घोडी आली तेव्हा मीही याच चुका केल्या. खाली लिहिलंय ते त्या चुकांतून, डॉक्टरांच्या बोलण्यांतून आणि नालबंदाच्या शिव्यांतून जमा झालेलं आहे.

घेण्याआधी

घोडेबाजार म्हटला की दत्तजयंतीचं सारंगखेडं आठवतं. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी. मराठवाड्यात खंडोबाची माळेगावची यात्रा. तिथे व्यापारी आधी अंगावरचे केसांचे भोवरे दाखवतात, देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा दाखवतात, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी असेल तर भाव चढवतात. या गोष्टींवर घोड्याची किंमत ठरते, त्याची तब्येत ठरत नाही. भोवऱ्यांवर वाद घालत बसू नका, पण पैसे पायांकडे बघून द्या.

घोडा कडक जमिनीवर सरळ चालवायला लावा, मग दुडक्या चालीने. डोक्याकडे लक्ष ठेवा. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मऊ वाळूत हे लपतं, म्हणून कुणी वाळूतच फिरवून दाखवत असेल तर डांबरी रस्त्यावर चला म्हणावं. चारही खुरांना हात लावून बघा, एकच खूर गरम लागतोय का. मग तोंड उघडून बघा. समोरचे पक्के दात साधारण पाचव्या वर्षी पुरे होतात. त्यानंतरचं वय दातांवरून जितकं छातीठोकपणे सांगितलं जातं तितकं ते नेमकं नसतं.

रक्ततपासणी मात्र टाळू नका. ग्लॅन्डर्स नावाचा रोग घोड्यांना होतो आणि माणसालाही लागतो. लागण ठरली की कायद्याने ते जनावर नष्ट करावं लागतं. त्याच्या तपासणीचं देशातलं मुख्य केंद्र हरियाणात हिसारला आहे, पण रक्ताचा नमुना आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवता येतो. विकणाऱ्याकडे ताजा अहवाल नसेल तर व्यवहार थांबवा. अहवाल असला तरी नवा घोडा पहिले तीन आठवडे जुन्या घोड्यांपासून लांब ठेवा, बादली आणि खराराही वेगळा.

आणि एकटा घोडा आणू नका. तो कळपातला प्राणी आहे. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान शेळी किंवा गाढव जोडीला असू द्या. काशीच्या सोबतीला आमच्याकडे एक उस्मानाबादी शेळी आहे. ती दिसेनाशी झाली तर काशी चारा सोडते.

जागा आणि बांधणं

एका घोड्याला साधारण १२ फूट बाय १२ फूट जागा हवी, डोकं वर केल्यावर पत्र्याला लागणार नाही इतकी उंच. हवा खेळती पाहिजे. लघवीचा अमोनिया घोड्याच्या फुप्फुसांना फार बाधतो. सोपी परीक्षा म्हणजे स्वतः खाली उकिडवं बसा. घोडा खाली तोंड घालून खातो, त्याच उंचीवर तुमचे डोळे चुरचुरले तर त्याचे रोज चुरचुरत असणार.

खाली उघडी फरशी किंवा कोबा नको. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण गाढ झोपेसाठी त्यालाही आडवं व्हावं लागतं. भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा चांगला जाड अंथरा आणि ओला भाग रोज काढा.

बांधण्यात सगळ्यात मोठी गफलत होते. बैलाला आपण जमिनीलगतच्या खुंट्याला बांधतो. घोड्याला तसं बांधलं की दोरीत पाय अडकतो, तो बिथरतो, आणि बिथरलेला घोडा थांबून विचार करत नाही, ताकद लावतो. घोडा त्याच्या खांद्याइतक्या उंचीला बांधावा, दोरी हातभर, आणि गाठ एका ओढीत सुटणारी. बांधायचं ते मोहरकीला, म्हणजे तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्याला, लगामाला कधीच नाही. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोऱ्या, लावून दिवसचे दिवस उभं करणं मला पटत नाही. पिछाडीच्या दोरीने सोलवटलेले मागचे पाय जत्रेत कितीतरी दिसतात. तारांचं किंवा बांबूचं नव्हे, लाकडी आडव्यांचं छोटं कुंपण करून दिवसाचे चार-सहा तास मोकळं सोडता आलं तर निम्मी दुखणी येतच नाहीत.

चारा, चंदी आणि त्यातले धोके

हा भाग नीट वाचा, बाकीचा चाळला तरी चालेल.

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. चारा खरा पचतो तो मागच्या मोठ्या आतड्यात, जिवाणूंच्या मदतीने. त्यात भर म्हणजे घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात चुकीचं काही गेलं तर त्याला एकच वाट, पुढे. म्हणून थोडं थोडं, वारंवार आणि मुख्यतः चारा.

किती द्यायचं हे ठरवायला आधी वजन हवं. काटा नसला तरी टेप असतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून मांडीच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. काशीचा घेर १६५ आणि लांबी १५५, म्हणजे वजन ३५५ किलोच्या आसपास. कोरडा चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के लागतो. म्हणजे तिला दिवसाला ५ ते ७ किलो. तो चार-पाच वेळा वाटून, आणि सगळ्यात मोठा वाटा रात्रीसाठी, कारण रात्र लांब असते.

चाऱ्यात वाळलेलं गवत सर्वांत चांगलं. स्वच्छ, बुरशी नसलेला कडबा चालतो, कुट्टी करून. लसूणघास थोडी जरूर द्या, तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं. बुरशी लागलेला किंवा कुबट वासाचा चारा म्हैस एखादवेळी पचवेल, घोड्याला तो अजिबात घालू नका.

चंदी, म्हणजे दाणा, ही कष्टाची खुराक आहे, प्रेमाची नव्हे. नुसतं उभ्या असलेल्या घोड्याला चाऱ्यावर ठेवलं तरी भागतं. काम असेल तर ओट, सातू, भिजवलेला हरभरा मिळून दीड-दोन किलो, तेही तीन वेळा वाटून. एका वेळी किलोच्या वर कधी जाऊ नका. हरभरा कोरडा घालू नका, आठ-दहा तास भिजवा. तोबऱ्यातून चंदी दिली की सांडत नाही, पण संपल्याबरोबर तोबरा काढा. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्म्याने कमी करा. कामाचा घोडा दोन दिवस उभा राहिला, दाणा मात्र तोच चालू राहिला, आणि तिसऱ्या दिवशी जुंपला की त्याच्या मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे ताठरतात. लघवी कॉफीच्या रंगाची दिसली तर तिथेच थांबा, चालवत घरी आणू नका, डॉक्टरांना जागेवर बोलवा.

कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय लागायला तेवढे दिवस लागतात. आजच कडबा संपला म्हणून उद्यापासून नुसता ओला घास, असं केलं की पोट बिघडलंच.

आता आपल्याकडचे खास धोके. गाईचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याला घालू नका, मूठभरही नाही. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं. पोत्यावर ते लिहिलेलं असेलच असं धरून चालू नका. उसाचे वाढे आणि हत्तीगवत हा मुख्य चारा होऊ देऊ नका. त्यांतलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अडवून धरतं. वर गव्हाचा कोंडा रोज पाट्या भरून घातला तर स्फुरद (फॉस्फरस) वाढतो आणि हाडांमधलं कॅल्शियम झिजायला लागतं. तोंडाची हाडं फुगतात, घोडा लंगडतो, आणि घरचे म्हणतात एवढं खातोय तरी असं कसं. ज्वारीचं कोवळं पीक, खोडव्याचे फुटवे, दुष्काळात खुरटलेली ताटं यांचं किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, बैलाला लागतं, घोड्यालाही ते धोक्याचंच. बांधावरची कण्हेर तर थेट मारते. तबेल्याजवळ शोभेला लावली असेल तर आज उपटा.

पाणी आणि मीठ

दिवसाला २५ ते ४५ लिटर, एप्रिल-मे महिन्यात त्याहून जास्त. पाणी सतत समोर असावं आणि बादली रोज घासलेली असावी. शेवाळ आलेल्या हौदाला घोडा तोंड लावत नाही, आणि पाणी कमी प्यायला की आतड्यात चारा सुकून अडकतो. काम करून आल्यावर पाणी तोडू नका, घोटघोट पिऊ द्या आणि मधे चालवा. दाणा मात्र तासाभराने. घोड्याला घाम फार येतो आणि घामातून मीठ जातं, म्हणून रोज दोन-तीन चमचे साधं मीठ चंदीतून द्या.

खरारा

खरारा म्हणजे नुसती चकाकी नव्हे, रोजची तपासणी आहे. मी पहाटे करतो. जवळ जाताना आधी आवाज द्यायचा, कारण घोड्याला नेमकं पाठीमागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही. डाव्या खांद्याकडून जायचं, हात मानेवर ठेवायचा. कान मागे चिकटले असतील तर आज काहीतरी बिनसलंय.

मानेपासून सुरुवात करून मागे या. लोखंडी खरारा मांसल भागावरच फिरवा, गोल गोल. पाय, पोट आणि तोंड यांना मऊ ब्रश किंवा ओलं फडकं. हाताने चाचपत जा. कुठे गाठ, कुठे गोचीड, कुठे चिखलाखाली लपलेली जखम. खोगीर बसतं ती जागा आणि तंगाची, म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्याची, जागा आठवणीने बघा. तिथे एकदा कातडं गेलं की महिनाभराचं काम बंद. शेपूट विंचरताना मागे नव्हे, बाजूला उभं राहा.

खूर

जुन्या लोकांचं म्हणणं, खूर नाही तर घोडा नाही. रोज एकदा, काम असेल तर दोनदा, चारही खूर साफ झालेच पाहिजेत. खांद्याला खांदा लावून, शेपटीकडे तोंड करून उभं राहा, हात पायावरून खाली न्या आणि पाय मागितल्यासारखं हलकंच दाबा. खेचाखेच केली तर तो त्याचं वजन तुमच्यावर टाकतो. खुराच्या तळाला मधोमध व्ही आकाराची रबरासारखी गादी असते. हुक टाचेकडून पुढे चालवायचा, त्या गादीच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत अडकलेले खडे आणि लीद काढायची. खाचेतून काळपट घाण आणि नाक धरावं असा वास आला तर खूर कुजायला लागलाय. जागा कोरडी करा आणि डॉक्टरांना दाखवा.

खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. म्हणून नाल झिजली नसली तरी पाच-सहा आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे. नाल काढणं, खूर कातरणं, तासणं, पुन्हा ठोकणं. चांगला नालबंद नाल खुराच्या मापाची करतो. वाईट नालबंद खूर नालेच्या मापाचा करतो. आमच्या नालबंदाने पहिल्याच दिवशी काशीचा पाय गुडघ्यांत धरून वर बघितलं आणि म्हणाला, "दादा, हिला चार महिने चप्पल बदलली नाय व्हय? तुमच्या पायाची नखं तरी काढता का?" ऊस रस्त्यावर ओढायचा नसेल, नुसतं मातीत फिरायचं असेल, तर नालेशिवायही चालतं. कातरणी मात्र चुकत नाही.

दात, जंत, लस

घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात आणि दाढांच्या कडा धारदार होतात. गाल फाटतो. अर्धवट चावलेले घासाचे बोळे तोंडातून पडू लागले, किंवा लिदीत आख्खे दाणे दिसू लागले, की दाढा घासून घ्यायची वेळ झाली. वर्षातून एकदा डॉक्टरांना तोंड दाखवाच.

जंताचं औषध वजनावर ठरतं. आधी लीद तपासून घ्या, उगाच दर दोन महिन्यांनी पाजत राहिलं तर जंतच औषधाला सरावतात. गाईसाठी आणलेलं इंजेक्शन आपल्या मनाने घोड्याला टोचू नका.

धनुर्वाताची लस कधीच चुकवू नका. घोडा धनुर्वाताला इतर जनावरांपेक्षा फार लवकर बळी पडतो, खिळ्याची बारीक जखमही पुरते. रेबीजची लस वर्षाला. बाकीच्या लसी तुमच्या भागात काय चाललंय ते पाहून डॉक्टर सांगतील.

पाठीवर किती

घोड्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा, खोगीर धरून. काशीला म्हणजे सत्तर किलो. नव्वद किलोचा नवरदेव, जरीचा शेला आणि लाकडी खोगीर यांचं गणित तुम्हीच करा. काटेरी कडियाळ्याच्या, म्हणजे तोंडात काटेरी लोखंड असलेल्या, लगामाला कायद्याने बंदी आहे, तरी वरातीत असे लगाम सर्रास दिसतात. घोडी डीजेला घाबरून नाचते आणि लोक म्हणतात घोडी तालावर नाचते.

दुखणं ओळखायचं कसं

थर्मामीटर विकत घ्या आणि घोडा ठणठणीत असताना आकडे वहीत लिहा. आरामात असताना ताप ९९.५ ते १०१ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. दिवसाला आठ-दहा वेळा लीद पडते, ती मोजायची सवय लावा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातला रोग येतो. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. घोडा खातो पण वाळत जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. ताप उतरला म्हणून बरा झाला असं समजू नका, रक्त तपासा. पुढचे दोन्ही खूर गरम, आणि घोडा वजन मागे टाकून टाचांवर उभा, असं दिसलं तर खुराच्या आतली सूज समजा. त्याला चालवू नका, दाणा बंद, फोन लावा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक तबेल्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

आणि पोटशूळ. हा मी जवळून पाहिलाय. काशी आल्याच्या पहिल्या वर्षीचा पोळा. बैलांना पुरणपोळ्या खाऊ घातल्या जात होत्या. वस्तीवरच्या बायका हौसेने घोडीलाही ओवाळून गेल्या आणि प्रत्येकीने एकेक पोळी दिली. मला वाटलं, सणाचा दिवस आहे. रात्री साडेनऊला गेलो तर चारा तसाच. ती मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. पुढच्या पायाने जमीन उकरायची, वरचा ओठ उलटा करायची, बसायची, उठायची. कुशीला कान लावला तर आतली गुडगुड बंद.

तात्या बांबूचं नळकांडं घेऊन आले, त्यात गोडेतेल आणि थोडी दारू. तेवढं मात्र मी करू दिलं नाही. नळकांड्याने पाजलेलं फुप्फुसात गेलं तर पोटशूळाच्या जागी न्यूमोनियाने घोडा जातो. अशा वेळी आपल्या हातात तीनच गोष्टी असतात. समोरचं सगळं खाद्य काढून घेणं, डॉक्टरांना बोलावणं, आणि घोडा लोळून अंग आपटत असेल तर सावकाश चालवत ठेवणं. दमेपर्यंत पळवायचं नाही. दुखणं थांबवायचं इंजेक्शन डॉक्टर येण्याआधी द्यायचं नाही, कारण मग आत काय चाललंय ते त्यांना कळत नाही.

डॉक्टर अकराला आले. नाडी ६४ भरली. नाकातून नळी पोटात घातली तेव्हा आंबूस वासाचा गुळचट फेस बाहेर आला. शिरेतून सलाईन, इंजेक्शन, आणि मग वाट बघणं. पहाटे सव्वातीनला तिने शेपटी उचलली आणि चार-पाच गोळे टाकले. डॉक्टरांनी बॅटरी मारून ते निरखून पाहिले आणि म्हणाले, "आता चहा टाका."

तेव्हापासून पोळ्याच्या दिवशी मी तबेल्याच्या दारात खाट टाकून बसतो. बायका येतात, ओवाळतात, आणि पोळ्या माझ्या ताटात पडतात.